आप्पांचं लाकूड

बाबांच्या टाकीतल्या माशांना कधी रोग झाला नव्हता. होणार कसा? त्या घरात शिरायची रोगाची काय बिशाद! बाबांची सगळी नोकरी इस्पितळात, ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत गेली होती. कात्र्या, चिमटे, सुया, ट्रे, जे काही सर्जनच्या हातात जायचं ते आधी बाबांच्या हातून घासून, उकळून, वाफेच्या यंत्रातून निघायचं. नर्सेस त्यांना पाठीमागे ‘उकळेबुवा’ म्हणायच्या, पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागल्या. बाबांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. निरोपाच्या दिवशी भाषणाला उभे राहिले तेव्हा ते एवढंच म्हणाले, की माझ्या हातून गेलेल्या एकाही कात्रीने कुणाची जखम चिघळली नाही. एवढं बोलून खाली बसले.

निवृत्त झाल्यावर माणसाने उकळायचं काय, हा मोठाच प्रश्न होता. काही दिवस त्यांनी घरातले चमचे उकळले, कंगवे उकळले, मुलाचा दाढीचा ब्रश उकळला आणि त्याचे सगळे केस झडून गेले, म्हणजे ब्रशाचे. शेवटी मुलाने हात जोडले आणि त्यांना काचेची एक मोठी टाकी आणून दिली. टाकी बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात बसली आणि घरातल्या चमच्यांची सुटका झाली.

माशांचं सगळं शास्त्र बाबांनी थोड्याच दिवसांत कोळून प्यायलं. कुठलीही वस्तू थेट टाकीत जायची नाही, आधी गॅलरीतल्या निळ्या बादलीत ‘ॲडमिट’ व्हायची. दगड असेल तर त्यावर व्हिनेगर टाकून बघायचं. बुडबुडे आले म्हणजे त्यात चुना, आणि चुना पाणी जड करणार, तेव्हा दगड नापास. पास झालेला दगड गरम पाण्याने घासायचा, पण उकळायचा मात्र नाही. आत पाणी अडकलेलं असलं तर तापून फुटतो आणि कपच्या तोंडावर येतात. साबण तर टाकीच्या वस्तूंच्या आसपासही फिरकायचा नाही. मुलगा चेष्टेने म्हणायचा, “बाबा, हे मासे आहेत की पेशंट?” बाबा म्हणायचे, “पेशंट परवडले. दुखलं तर सांगतात तरी.”

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवायला हवी, नाहीतर पुढे बाबा कठोर वाटतील. कठोर ते अजिबात नव्हते. बायको गेली तेव्हा त्यांनी तिचे सगळे कपडे गरम पाण्यात धुतले, इस्त्री केली, गठ्ठे बांधले आणि वाटून टाकले. तिची उशी उन्हात टाकली, अभ्रा बदलला. नातेवाईक आपसांत कुजबुजले, की बघा, डोळ्यांत टिपूस नाही माणसाच्या. टिपूस नव्हतं हे खरं. पण दुःख आलं की आधी हात स्वच्छ धुवायचे आणि मग कामाला लागायचं, एवढी एकच रीत त्यांना ठाऊक होती. दुसरी त्यांना कुणी शिकवली नव्हती.

सूनबाई घरात आली ती बाबांना पहिल्या दिवसापासून आवडली. तिची नोकरी लिफ्ट तपासायची. उंच इमारतींच्या काळोख्या खड्ड्यांत उतरून, वर टांगलेल्या लिफ्टखाली उभी राहून ही मुलगी बॅटरीच्या उजेडात दोर तपासायची, आणि घरी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायची. कामासाठी अधूनमधून परगावी जायची. सासऱ्यांना ती ‘बाबा’ म्हणायची. तिचे स्वतःचे वडील म्हणजे ‘आप्पा’. आप्पा शिलाई मशीन दुरुस्त करायचे, एवढीच बाबांना त्यांची माहिती. लग्नात दोघं शेजारी बसले होते, पण बाबांचं सगळं लक्ष आप्पांच्या नखांकडे. नखांत वर्षानुवर्षांचं काळं तेल. “माणूस सज्जन आहे,” परत येताना गाडीत ते म्हणाले होते, “पण नखं पाहिलीत का?” पुढच्या सीटवर बसलेल्या नव्या सूनबाईने ते ऐकलं की नाही, देव जाणे. तिने ते बोलून दाखवलं नाही.

आप्पा गेल्या वर्षी अचानक गेले. आई तर तिची लहानपणीच गेलेली. दुकान रिकामं करायला सूनबाई एकटीच गेली आणि एका पिशवीत मावेल एवढंच घेऊन आली. आप्पांच्या कामाच्या टेबलावर कायम असायचं ते एक वाकडंतिकडं लाकूड, त्यांच्या हात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक पांढरट दगड. पिशवी बैठकीतल्या कपाटाच्या खालच्या खणात गेली. बाबा तिला मनापासून म्हणाले, “रडू नकोस. मी आहे ना.” ती हो म्हणाली.

त्यानंतर मधूनमधून संध्याकाळी ती त्या कपाटापुढे उकिडवी बसलेली, डोकं आत घातलेली बाबांना दिसायची. काहीतरी शोधत असेल, असं त्यांना वाटायचं.

“काही हरवलंय का गं?” त्यांनी एकदा विचारलंसुद्धा.

“नाही बाबा, सापडलं,” ती म्हणाली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

आता साहेब. टाकीत एक म्हातारा, मिशाळ मासा होता. दिवसभर काही न करता मातीच्या मडक्याखाली बसायचं आणि खाण्याच्या वेळेला तेवढं बाहेर यायचं, अशी त्याची वागणूक असल्यामुळे सगळे त्याला ‘साहेब’ म्हणायचे. ते मडकं बाबांच्या हातून घासताना फुटलं. साहेब उघड्यावर आले. काचेच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसायला लागले, खाण्यावरची वासना उडाली. बाबांचाही घास मग घशाखाली उतरेना.

“लाकूड हवं त्याला,” संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले. “नदीत पडून पडून निबर झालेलं. खाली दडून बसता येईल असं. दुकानात आहेत, पण कुठल्या झाडाचं, कुठे पडलं होतं, एकालाही सांगता येत नाही.”

सूनबाईने कप खाली ठेवला.

“आप्पांचं लाकूड आहे माझ्याकडे,” मग ती म्हणाली. “नदीतलंच आहे. मी लहान होते, तेव्हा आम्ही दोघांनी ओढून काढलं होतं. चालेल का ते?”

“चालेल काय, धावेल!”

“म्हणजे, डोळ्यांसमोर राहील असं आपलं वाटलं मला.” ती जरा हसली. “पण बाबा, लगेच काही करू नका हं. मी उद्या चाललेय ती शनिवारी येणार. रविवारी काढू, दोघं मिळून बघू. तुम्हाला आधी दाखवायचंय ते मला.”

“हो हो. रविवारीच,” बाबा म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच मनापासून म्हणाले होते.

पण ती गेली, आणि साहेबांनी दुसऱ्याही दिवशी खाल्लं नाही. रविवार एकदम लांब वाटायला लागला. लाकूड उकळायचं, मुरवायचं म्हणजे दिवस जाणारच. रविवारी सुरुवात केली तर साहेब तोवर टिकायला नकोत का? असं बाबांनी स्वतःला पटवलं. खरं सांगायचं तर साहेब हे निमित्त होतं. बाबांना सूनबाईला चकित करायचं होतं. ती दारातून आत येईल, टाकीकडे बघेल, आणि तिच्या वडिलांची वस्तू सासऱ्यांनी कशी चकाचक करून मांडली आहे हे तिला दिसेल. ‘मी आहे ना’ हे त्यांनी नुसतं तोंडाने म्हटलं होतं. आता करून दाखवायचं होतं. आणि त्यात कुठेतरी, अगदी तळाशी, त्या तेलकट नखांच्या माणसापेक्षा आपण कांकणभर सरस ठरावं, अशीही एक इच्छा होती. ती बाबांनी स्वतःपाशीही कबूल केली नसती.

त्यांनी कपाट उघडलं, पिशवी काढली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि फडक्याची गाठ सोडली. भपकन वास आला. बाबांनी नाक मुरडलं, उठून खिडकी उघडली आणि पंखा लावला.

लाकूड मात्र झकास होतं. दोन फाटे फुटलेलं, मधे कमान झालेलं. जणू साहेबांच्या मापानेच बेतलेलं. एका फाट्यावर बोटभर रुंद खळगा होता, काळाभोर आणि चकचकीत. बाबांनी हात फिरवला तर त्यांचा अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसला. काम करता करता आप्पा तिथे हात टेकत असणार. वर्षानुवर्षं टेकत असणार, नाहीतर लाकूड असं झिजत नाही. बाबांचा अंगठा क्षणभर तिथेच राहिला.

विचारायचं होतं ते त्याच क्षणी. फोन समोरच पडला होता. ‘अगं, हा डाग असाच राहू देऊ का?’ एवढंच. पण अंगठा उचलला तर त्याला तेल लागलेलं, आणि बाबांच्या डोक्यात दुसरीच चक्रं फिरायला लागली. लाकडात मुरलेलं मशीनचं तेल! टाकीत गेलं तर पाण्यावर तवंग येणार, मासे गुदमरणार. नियमाने असं लाकूड सरळ नापास. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यांनी ते बिनदिक्कत टाकून दिलं असतं. पण सूनबाईच्या वडिलांचं लाकूड नापास कसं करायचं? काय वाटेल पोरीला? म्हणून, केवळ तिच्यासाठी, बाबांनी जन्मात पहिल्यांदा नियम वाकवला. तेल असलं तर तेल काढू, म्हणाले. नियमाला धरून राहिले असते तर किती बरं झालं असतं! लाकूड टाकीबाहेर राहिलं असतं, पण जसंच्या तसं राहिलं असतं.

मग ते कंबर कसून कामाला लागले. बोथट सुरीने आणि ताठ ब्रशाने सालीचे उरलेसुरले तुकडे आणि भुसभुशीत झालेला भाग खरवडला, कारण असला भाग पाण्यात कुजतो. काळा खळगा तासला, आतलं कोरं, फिकट लाकूड लागेपर्यंत तासला. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यातही लाकूड पुरतं मावेना, तेव्हा आधी एक टोक उकळलं, मग उलटं करून दुसरं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं आणि वर बारीक तवंग आला. ते ओतून दिलं, नवीन घेतलं. पुन्हा उकळी, पुन्हा मोरी. लाकडाच्या त्या तपकिरी रंगाने माशांना काही अपाय होत नाही हे बाबांना चांगलं ठाऊक होतं, पण रंग उतरतोय म्हटल्यावर त्यांना थांबवेना. दर खेपेला ते थोडं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरायचे आणि मागच्या वेळेपेक्षा फिकं दिसलं की खूश व्हायचे. मुलगा कामावरून आला, स्वयंपाकघरभर वाफ पाहून म्हणाला, “बाबा, तिला विचारलंत ना?”

“तिनेच तर दिलंय,” बाबा म्हणाले. मुलाला भूक लागली होती. तो ताट वाढून घेऊन बसला.

दगडाने मात्र निराशा केली. व्हिनेगरचा थेंब पडताच तो फसफसला. एका थेंबावर निकाल लावणं बाबांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी तो वाडगाभर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी वाडग्यात पांढुरका गाळ. नापास. तो त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. लाकूड निळ्या बादलीत बुडवून ठेवलं, आणि मधल्या वेळात एकदोन बारीकसारीक कामंही हातासरशी उरकून टाकली.

शनिवारी सकाळी लाकूड टाकीत गेलं. अजून एक टोक वर यायला बघत होतं, म्हणून त्यांनी ते नायलॉनच्या दोऱ्याने एका पास झालेल्या काळ्या दगडाला बांधलं. साहेबांनी आधी लांबून अंदाज घेतला, मग कमानीखाली शिरले आणि तिथून मिशा हलवू लागले. दुपारी पोटभर खाल्लंसुद्धा. बाबांना अगदी भरून आलं.

सूनबाई संध्याकाळच्या आत आली. बाबांनी तिला बूटही काढू दिले नाहीत. “आधी इकडे ये. बघ.”

ती टाकीपाशी गेली आणि वाकली. लाकूड सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोला. दिव्याच्या उजेडात मधासारखं दिसत होतं आणि खाली साहेब विराजमान. ती बराच वेळ बघत राहिली. तिचं बोट काचेवरून लाकडाच्या कडेकडेने फिरत होतं.

“इथे एक खळगा होता,” ती म्हणाली.

“तेल मुरलं होतं ना तिथे! सगळं तासून काढलं.” बाबा उत्साहाने सांगत सुटले. सुरी, ब्रश, पातेलं, तवंग, ग्लासातलं पाणी. “शेवटी इतकं स्वच्छ पाणी आलं म्हणतेस! पिऊन टाकावं असं.”

ती ऐकत होती, मान हलवत होती. “छान झालंय, बाबा. साहेबांना घर मिळालं,” ती म्हणाली. मग सरळ उभी राहिली. “ते फडकं कुठे आहे? ज्यात गुंडाळलं होतं ते?”

“आहे ना. तिथेच, तुझ्या खणात.”

“टाकलं नाहीत ना?”

“छे छे, टाकेन कशाला?”

तिच्या चेहऱ्यावर केवढं हायसं वाटलेलं दिसलं. ती झटकन कपाटापाशी गेली, उकिडवी बसली, दार उघडलं आणि डोकं आत घातलं.

“काय कळकट झालं होतं गं!” बाबा मागून कौतुकाने म्हणाले. “गरम पाण्यात भिजवून साबण लावला, पुन्हा लावला, तेव्हा कुठे मूळ रंग दिसला. निळं आहे ते. तुला माहीत होतं?”

तिचं डोकं आतच राहिलं. खांदे एकदम खाली आले. बाबा त्या पाठीकडे बघत राहिले. ही पाठ त्यांनी याच जागी, अशीच वाकलेली, कितीदा पाहिली होती. काय हरवलंय म्हणून विचारलं होतं. नाही बाबा, सापडलं, ती म्हणाली होती. आत्ता त्यांना कळलं ती तिथे बसून काय करायची ते.

तिने फडकं बाहेर आणलं. इस्त्रीची घडी तशीच होती. तिने ते नाकाशी धरलं, मग घडी उलटी करून पुन्हा धरलं.

“थांब, थांब,” बाबा धडपडत खिडकीकडे गेले. “दगड आहे! दगडाला मी ब्रशसुद्धा लावला नाही. नापास झाला ना तो. हा घे. हा तसाच आहे.”

तिने दगड दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि वास घेतला.

“व्हिनेगर,” ती म्हणाली.

आणि तिला हसू फुटलं. बाबाही घाबरत घाबरत हसले. पण तिचं हसू थांबेना, आणि थांबलं तेव्हा ते रडू झालेलं होतं. आप्पा गेले तेव्हाही ती बाबांसमोर अशी रडली नव्हती. त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं.

सवयीने बाबा हात धुवायला बेसिनकडे निघाले. दोन पावलं गेले आणि थबकले. मग परत आले आणि गुडघे धरत, कण्हत, तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

“चुकलं गं माझं,” ते म्हणाले. “तू रविवारी म्हणाली होतीस.”

“तुम्हाला काय माहीत असणार, बाबा. मी कुठे सांगितलं होतं? म्हटलं, वेड्यासारखं वाटेल.” तिने ओढणीने नाक पुसलं. फडक्याने पुसलं नाही, ते तिने अजून मांडीवर जपून धरलं होतं. “रविवारी तुम्हाला वास घ्यायला देणार होते. तुमची आणि आप्पांची अशी ओळख झालीच नाही ना कधी. म्हटलं, हे झालं की मग करा काय करायचं ते. मी म्हणणार होते, एवढा खळगा तेवढा राहू द्या.”

टाकीतला पंप एका लयीत बुडबुडे सोडत होता.

“फोटो आहेत माझ्याकडे,” ती म्हणाली. “आवाजही आहे फोनमध्ये. वास तेवढा कशात साठवता येत नाही. आणि मी तो नीट आठवूनही ठेवला नाही, बाबा. कपाटातच तर आहे, असं वाटायचं.”

मग ती एकदम त्यांच्याकडे वळली. तिचे डोळे लाल झाले होते, पण त्यांत काहीतरी आशा होती, आणि ती आशा बाबांना बघवेना.

“तुम्ही उघडलंत ना ते? तेव्हा आला असेल की तुम्हाला! कसा होता, सांगा ना मला. तेल तर असणारच. आणखी काय? लवंग होती का? ते दाढेखाली लवंग धरायचे. आणि तंबाखू? आणि लोकरीसारखं काहीतरी असायचं त्यात. होतं का ते? आठवा ना, बाबा.”

बाबांनी डोळे मिटले. त्यांनी जिवापाड आठवून पाहिलं. कपाट आठवलं. पिशवी आठवली. टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र, फडक्याची घट्ट बसलेली गाठ, नखाने ती सैल केली ते, सगळं लख्ख आठवलं. गाठ सुटली. त्या वासातून एक माणूस त्यांच्यापर्यंत आला. तेल होतं. त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, नक्की होतं. पण त्यापुढे बाबांना आठवत होती ती फक्त खिडकीची कडी, हाताला गार लागलेली, आणि बाहेरून आलेली वाऱ्याची झुळूक.

सूनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“मी लगेच खिडकी उघडली गं,” बाबा म्हणाले.